पुन्नैनल्लूरचं वारूळ

तंजावूरच्या पूर्वेला आणि उत्तरेला पसरलेला सगळा मुलूख कावेरीच्या गाळाचा आहे. नदीने हजारो वर्षं आणून टाकलेली ही माती इतकी खोल आहे की भातशेतीसाठी यासारखी जमीन नाही. देऊळ बांधायचं म्हटलं, तर मात्र इथे ग्रॅनाइट नाही. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेलं बृहदीश्वराचं देऊळ, दोनशे फुटांहून उंच विमानासकट, जवळजवळ सगळं ग्रॅनाइटचं आहे, आणि तो सारा दगड दुरून वाहून आणावा लागला. या प्रदेशात राजा मोठा झाला की तो दगड आणत असे. चोळांनी आणला, नायकांनी आणला. भोसल्यांनीही देवळं बांधली, मंडप बांधले, गोपुरं उभारली. पण एका देवीची मूर्ती त्यांनी मातीची होती तशी मातीचीच राहू दिली. ती मूर्ती म्हणजे एक वारूळ आहे. ते पाहायला मी तंजावूरला गेलो होतो.

निघायचं ते राजवाड्यातून, असं ठरवलं होतं. देवीच्या देवळाचा कारभार आजही ज्या 'पॅलेस देवस्थाना'कडे आहे, त्याचं मूळ या वाड्यात आहे. वाड्याचा गाभा नायकांच्या काळातला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे १६७५-७६च्या सुमारास इथे आले आणि पुढे १८५५पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त, भोसल्यांनी तो वाढवला. आज त्याचे तुकडे पडले आहेत. एका भागात चोळकालीन कांस्यमूर्तींचं कलादालन आहे, एका भागात सरस्वती महाल ग्रंथालय, बाकी कुठे कचेऱ्या, कुठे पडक्या ओवऱ्या. दरबार महालाचे खांब आणि कमानी लाल, निळ्या, पिवळ्या रंगांत न्हालेल्या आहेत. दुसऱ्या सरफोजी राजांचा संगमरवरी पुतळा वाड्यात उभा आहे. इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनने घडवलेला. तंजावूरची टोकदार पगडी आणि जोडलेले हात. परदेशी शिल्पकाराने राजाला नमस्काराच्या मुद्रेत घडवावं, याचं मला मोठं कौतुक वाटलं.

सरफोजींबद्दल मराठी वाचकाला जेवढं ठाऊक असायला हवं तेवढं ते नाही. मुंबई-पुण्यात मराठी छापखाने सुरू व्हायच्या आधी, १८०५च्या सुमारास, त्यांनी तंजावुरात देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टींचं 'बालबोध मुक्तावली' हे मराठी पुस्तक तिथे छापलं. भोसल्यांचा वंशेतिहास त्यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतींवर मराठीत कोरून घेतला. सरस्वती महालातल्या हस्तलिखितांचा संग्रह त्यांच्याच काळात फोफावला. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी ग्रंथ आणि मोडी कागदांची गाठोडी. १९१८पासून हे ग्रंथालय सर्वांना खुलं आहे. माझं लक्ष मात्र एका वेगळ्याच गोष्टीकडे होतं. सरफोजींच्या धन्वंतरी महालात रोग्यांवर देशी आणि युरोपीय अशा दोन्ही पद्धतींनी उपचार होत, आणि तिथल्या नेत्ररुग्णांचे कागद इथे जपलेले आहेत. रोग्याचं नाव, तक्रार, शस्त्रक्रिया कशी झाली, गुण आला की नाही, आणि सोबत त्या त्या रोग्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र. दोनशे वर्षांपूर्वीचे हे केसपेपर. डोळ्यांचा विषय या घराण्याला का जिव्हाळ्याचा असावा, याचा एक धागा मला त्याच दिवशी पुढे देवळात सापडला.

वाड्याच्या दारात मला एक निवृत्त शिक्षक येऊन मिळाले. तंजावूर मराठी घरातले, नावापुढे राव. घरात मराठी बोलतात, पण शाळा तमिळ माध्यमाची, त्यामुळे पत्र लिहायचं तर मराठी शब्द तमिळ अक्षरांत लिहितात. मी त्यांना मास्तर म्हणत होतो. त्यांचं बोलणं कानाला लागायला थोडा वेळ गेला. शब्द जुन्या वळणाचे, हेल तमिळ, आणि वाक्याच्या शेवटी एखादं तमिळ क्रियापद सहज येऊन बसलेलं. आषाढ सरत आला होता. तमिळ पंचांगात आडी महिना चालू होता आणि रविवार होता. आडीत आणि त्यानंतरच्या आवणी महिन्यात रविवारी पुन्नैनल्लूरला, या वारुळाच्या देवीच्या गावी, जावं, असं इकडे मानतात. पहाटेच्या आधीच तंजावुरातून माणसं पायी निघालेली असतात, काही तर आदल्या रात्रीच.

वाड्याच्या पूर्वेचा भाग म्हणजे कीळवासल, पूर्वेची वेस. वेस आता उरलेली नाही, नाव उरलं आहे आणि बाजार उरला आहे. केळीचे घड, फुलांचे ढीग, लोखंडी सामान, आणि मान डोलावणाऱ्या तंजावूर बाहुल्या. या बाहुल्यांचं बूड गोल आणि जड असतं. कशीही आडवी पाडा, उठून उभी राहते. पूर्वी ती मातीची करत, आता कागदाच्या लगद्याची आणि प्लास्टिकचीही मिळते. बाजार संपला, की नागपट्टणमच्या दिशेने रस्ता लागतो आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना शेतं सुरू होतात. मेट्टूर धरणाचं पाणी रीतीप्रमाणे १२ जूनला सोडतात. ज्या वर्षी धरणात पाणी पुरेसं असतं त्या वर्षी कुरुवै हंगामाचा भात या दिवसांत शेतात उभा असतो. आम्ही गेलो तेव्हा तो होता. पाटांतून गढूळ पाणी वाहत होतं, बांधांवर बगळे होते.

मास्तरांनी वाटेत एका बांधाशी गाडी थांबवली. कडुनिंबाच्या बुंध्याशी कमरेएवढं वारूळ होतं. त्याला पिवळं वस्त्र गुंडाळलेलं, हळदकुंकू माखलेलं, समोर पणती, आणि भोकांच्या तोंडाशी दुधाचे सुकलेले ओघळ. तमिळमध्ये वारुळाला पुट्रु म्हणतात. तमिळनाडूत असं पूजलेलं पुट्रु गावोगाव दिसतं. नागचतुर्थीला बायका त्यात दूध ओततात, कुठे कुठे अंडंही ठेवतात. मूल व्हावं, लग्न जमावं, कातडीचा विकार बरा व्हावा, म्हणून नवस बोलतात. आपल्याकडे नागपंचमीला बायका वारुळाला जातात, लाह्या-दूध वाहतात, फेर धरून गाणी म्हणतात. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही. मास्तरांच्या घरी नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढतात. चिरायचं नाही हा नियम त्यांच्या आईने शेवटपर्यंत पाळला होता. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहूनही तो टिकला आहे.

वारूळ नाग बांधत नाही, वाळवी बांधते. जमिनीच्या खोल थरांतली बारीक, चिकट माती वाळवी तोंडाने वर आणते, लाळेने एकेक कण चिकटवते. आतल्या बोगद्यांमुळे हवा खेळती राहते, ओल टिकते, उन्हाळ्यात गारवा असतो आणि बाहेर पाणी साचलं तरी वरचा भाग कोरडा राहतो. सोडून दिलेल्या वारुळात मग उंदीर, घुशी, साप येतात. नागिणीला अंडी घालायला याहून चांगली जागा नाही. भातशेतीच्या या सपाट, ओल्या मुलखात पाण्याच्या वर राहणारी कोरडी जागा फार थोडी असते. त्यामुळे वारूळ आणि नाग ही जोडी इथल्या शेतकऱ्याला रोज दिसत आली आहे. उंदरांचा नाश करणारा नाग त्याला हवाही असतो आणि त्याची भीतीही वाटते. ही भीती जुनी झालेली नाही. २००० ते २०१९ या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास सांगतो, की भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं दगावली. त्यांतली बहुतेक खेड्यांतली आणि शेतावर राबणारी. साप दूध पीत नाही, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मास्तरांनाही ते ठाऊक होतं. ते म्हणाले, "दूध सापासाठी नाही ओतत, साहेब. जागेसाठी ओततात." मला ते पटलं. मातीतून जी ताकद वर येते, तिच्या दारात ठेवलेला तो नैवेद्य आहे.

याच राज्यात चेन्नईजवळ इरुळर जमातीच्या लोकांची सर्पपकड सहकारी संस्था आहे, १९७८ साली स्थापन झालेली. वारुळं आणि बांध धुंडाळून साप पकडायचे, त्यांचं विष काढायचं आणि त्यांना पुन्हा रानात सोडायचं, हे त्यांचं काम. देशात सर्पदंशावर जे प्रतिविष तयार होतं, त्याच्यासाठी लागणाऱ्या विषाचा फार मोठा वाटा या लोकांच्या हातून येतो. इरुळरांची देवी कन्नियम्मा. तिचंही नागाशी नातं आहे. साप पकडणारा माणूस आणि नागाला भजणारा माणूस एकच आहे, याचं इकडे कुणालाच आश्चर्य वाटत नाही.

पुन्नैनल्लूर तंजावूरपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. पुन्नै म्हणजे कोकणातली उंडी, जिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यांना आणि होड्यांना वापरत. त्या झाडांचं इथे रान होतं, असं म्हणतात. देवळाची कथा सगळ्यांच्या तोंडी आहे. व्यंकोजी राजे १६८०च्या सुमारास तिरुचिरापल्लीजवळच्या समयपुरम मारिअम्मनच्या दर्शनाला गेले होते. तिथे मुक्कामात देवी स्वप्नात आली आणि म्हणाली, तुझ्या राजधानीच्या पूर्वेला उंडीच्या रानात मी वारुळाच्या रूपात आहे, तिथे ये. राजे परतले, रान धुंडाळलं, वारूळ सापडलं. त्यांनी तिथे जायला वाट केली, वारुळावर छप्पर घातलं आणि ते गाव देवीला इनाम दिलं.

पुढची कथा पहिल्या तुळजाराजांची, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. त्यांच्या मुलीची दृष्टी आजारपणात गेली. राजाने तिला इथे आणलं, आणि देवीसमोर तिला पुन्हा दिसू लागलं. तेव्हा छपराच्या जागी देऊळ झालं. त्याच काळातले अवधूत संन्यासी सदाशिव ब्रह्मेंद्र यांनी वारुळाच्या मातीला देवीचा आकार दिला आणि चक्राची प्रतिष्ठा केली, असंही परंपरा सांगते. दुसऱ्या सरफोजींनी महामंडप आणि गोपुराची भर घातली, शिवाजी राजांनी, म्हणजे सरफोजींच्या मुलाने, बाहेरचा प्राकार वाढवला. घराण्याची प्रत्येक पिढी इथे काही ना काही बांधत गेली. मी मंडप ओलांडत आत जात होतो तेव्हा हा क्रम पायांना जाणवत होता: जितकं आत जावं तितकं बांधकाम जुनं, आणि सगळ्यात आत, जिथे सगळ्यात भक्कम दगड असायला हवा, तिथे माती.

गाभाऱ्यातली देवी बसलेली आहे, मोठी आहे, लाल रेशमी वस्त्रात, लिंबांच्या माळा आणि कडुनिंबाचे डहाळे यांनी झाकलेली. समईच्या उजेडात दिसतात ते डोळे. रांग थांबू देत नाहीत, त्यामुळे दर्शन क्षणाचंच. पण तेवढ्यातही लक्षात येतं, की इथे पाण्याचा थेंब नाही. दक्षिणेतल्या गाभाऱ्यात दूध, दही, चंदन, गंगाजल यांचे अभिषेक सतत चालू असतात, फरशी ओली असते. इथे तसं करता येत नाही, मूर्ती विरघळेल. अभिषेक होतात ते उत्सवमूर्तीला आणि इथल्या विष्णुदुर्गेला. मूळ देवीला पाच वर्षांतून एकदा तैलक्काप्पु असतो. अठ्ठेचाळीस दिवस, एक मंडल, तिला सांब्राणीचं तेल, पुनुगु, अरगजा, जवादु अशी सुगंधी द्रव्यं चोळतात. तेल मुरतं आणि माती घट्ट राहते. त्या अठ्ठेचाळीस दिवसांत देवी पडद्याआड असते. पडद्याच्या पांढऱ्या कापडावर तिचं चित्र काढतात आणि लोक त्या चित्राला नमस्कार करतात. तेलाने देवीच्या अंगात उष्णता वाढते, म्हणून त्या दिवसांत नैवेद्य दहीभाताचा आणि शहाळ्याचा. जुन्या बांधकामाची निगा राखणाऱ्या कुठल्याही कारागिराला पटेल अशी ही रीत आहे, आणि ती पूजा म्हणूनच चालत आली आहे. मातीची मूर्ती इतकी वर्षं टिकायची, तर तिच्यासाठी ठरावीक काळाने दीड महिना काढावा लागतो, हे कुणीतरी फार पूर्वी ओळखलं होतं.

उन्हाळ्यात देवीच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब दिसतात, असं भक्त सांगतात. तिला न्हाऊ घालता येत नाही, पण तिचा दाह तर शमला पाहिजे. म्हणून गाभाऱ्याभोवतीच्या टाक्या पाण्याने भरायचा नवस बोलतात. रविवारी बायका, पुरुष, मुलं कळशा घेऊन ते पाणी भरत असतात. देवीला पाणी न लावता तिच्या भोवती गारवा करायचा, ही कल्पना मला इतकी सुंदर वाटली की मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. एक आजी कळशी रिकामी करून परत रांगेत जात होत्या. मास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, नातवाला कांजिण्या आल्या होत्या, उतरल्या, म्हणून पाणी. जवळ एक गुळाचं कुंड आहे. त्यात गुळाचे खडे टाकतात. गूळ जसा विरघळतो तसे अंगावरचे फोड, व्रण, चामखीळ विरून जावेत, अशी श्रद्धा. मीठ-मिरीही वाहतात. आणि चांदीच्या पातळ पत्र्याचे अवयव: हात, पाय, पोट. सगळ्यांत जास्त दिसतात ते डोळे.

त्या चांदीच्या डोळ्यांपाशी मला सकाळचे केसपेपर आठवले. देवीचा रोग, मोठी माता, हा त्या काळी माणसाची दृष्टी नेणारं फार मोठं कारण होता. जो जगला त्याच्या अंगावर वण राहत, आणि पुष्कळांच्या बुबुळावर फूल पडे. पुन्नैनल्लूरची देवीही मारिअम्मनच, आणि मारिअम्मन या रोगाची देवता. ती रोग देते आणि तीच तो काढून घेते. म्हणून तुळजाराजांच्या मुलीची कथा मला निव्वळ चमत्काराची वाटत नाही; त्या काळच्या कुठल्याही घरात, राजाच्या की कुणब्याच्या, घडणाऱ्या दुःखाची ती नोंद आहे. भारतात गोवसूरीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. म्हणजे या देवळाच्या छपराला तेव्हा सव्वाशे वर्षं होत आली होती. त्या सव्वाशे वर्षांत आईबापांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. ज्या सरफोजींनी वाड्याजवळ डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करवल्या आणि प्रत्येक रोग्याचा कागद लिहून ठेवला, त्यांनीच या देवीपुढे मंडप बांधला. त्यांच्या मनात या दोन कामांत भांडण होतं, असं मानायला मला काहीच आधार दिसत नाही. १९७५ साली भारतात देवीचा शेवटचा रोगी सापडला. रोग गेला, देवी राहिली. आता तिच्याकडे कांजिण्या, गोवर, कातडीचे विकार आणि डोळ्यांची दुखणी येतात.

देवळाच्या ओवरीत बसून मास्तरांना मी सातेरीबद्दल सांगितलं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात किती तरी गावांची ग्रामदेवी सातेरी किंवा सांतेरी. तिचं मूळ रूप वारूळ. तिकडे त्याला रोयण म्हणतात. काही देवळांत गाभाऱ्यात खरंच वारूळ आहे आणि त्यावर देवीचा मुखवटा बसवलेला आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त सातेरी, रेणुका आणि वारूळ यांचं नातं फार खोलात जाऊन दाखवलं आहे: वारूळ म्हणजे भूमीची योनी, सर्जनाची जागा, आणि नाग तिथला रहिवासी. शिवाय महाराष्ट्राच्या गावकुसाला मरीआई आहे, तिचा पोतराज आहे. तेव्हा व्यंकोजींनी उंडीच्या रानात जे पाहिलं, ते त्यांना अनोळखी नसावं. ते परमुलखात आले होते, भाषा परकी होती, देवळांची उंची आणि घाट परका होता. वारूळ आणि रोगाची देवी मात्र त्यांच्या ओळखीची असणार. भोसल्यांची कुलदेवी तुळजाभवानी. तिच्याच नावाच्या राजाने आपली मुलगी या मातीच्या देवीच्या ओटीत घातली. राज्यकर्ता परक्या प्रजेचं दैवत स्वीकारतो तेव्हा त्यात राजकारण असतंच, आणि इनामं देण्यामागे तेही असणार. पण राजकारणासाठी बृहदीश्वराचं देऊळ पुरेसं होतं. मातीच्या ढिगावर छप्पर घालायला मनात ओळख असावी लागते.

आणि म्हणूनच, त्यांनी तिथे दगडाची मूर्ती बसवली नाही, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या बांधकामांपेक्षा मोठी वाटते. पैसा होता, कारागीर होते. देवळाशेजारीच याच घराण्यातल्या प्रतापसिंह राजांनी बांधलेलं कोदंडरामाचं देऊळ आहे. तिथल्या राम-सीता-लक्ष्मणाच्या मूर्ती नेपाळच्या राजाने पाठवलेल्या शाळिग्रामातून घडवल्या, असं सांगतात. ज्या घराण्याला गंडकीची शिळा मिळवता येते, त्याला देवीसाठी काळा दगड आणणं कठीण नव्हतं.

राज्य १८५५ साली गेलं. दुसऱ्या शिवाजी राजांना मुलगा नव्हता, आणि कंपनीने संस्थान खालसा केलं. राण्यांनी खाजगी मालमत्तेसाठी दावा केला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९मध्ये त्यांच्या विरुद्ध निकाल लागला. देवळं मात्र राहिली. तंजावूर पॅलेस देवस्थानात आज अठ्ठ्याऐंशी देवळं आहेत, बृहदीश्वर आणि पुन्नैनल्लूर धरून. भोसले घराण्यातला वारस त्यांचा वंशपरंपरागत विश्वस्त असतो. दैनंदिन व्यवहार सरकारच्या धर्मादाय खात्याच्या देखरेखीखाली चालतो, पण मोठ्या उत्सवात पहिला मान घराण्याचा. लष्कर, तिजोरी, मुलूख सगळं गेल्यावर एका राजघराण्याकडे उरलं ते देवांची निगराणी करण्याचं काम. मास्तर हे सांगत होते तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो मला योग्य वाटला.

तिथून आम्ही ईशान्येला, कुंभकोणमकडे निघालो. वाट सगळी पाटबंधाऱ्यांची. एकेका गावाला दोन दोन नद्या लागतात, कारण कावेरी इथे शाखांनी फुटत जाते. कुंभकोणमच्या अलीकडे स्वामिमलै आहे, कांस्यमूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचं गाव. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीच्या मऊ गाळाचा लेप द्यायचा, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. ही माती इतकी बारीक असते, की मेणावरची नखाएवढी रेघही साच्यात उमटते. सकाळी वाड्याच्या कलादालनात जे चोळ नटराज पाहिले, तशी प्रत्येक मूर्ती आधी गाळात घडते, मग धातूत.

कुंभकोणमचं नागेश्वराचं देऊळ नवव्या शतकाच्या अखेरचं, आदित्य चोळाच्या काळातलं. बृहदीश्वराहून ते जवळजवळ सव्वाशे वर्षांनी जुनं आहे. भिंतींवरच्या कोनाड्यांतली स्त्री-पुरुषांची शिल्पं इतकी जिवंत आहेत, की ती देवांची नसून त्या काळच्या माणसांची असावीत असं पुष्कळ अभ्यासक मानतात. पृथ्वीचा भार पेलण्याची शक्ती मिळावी म्हणून आदिशेषाने इथे शिवाची आराधना केली, अशी कथा. चित्तिरै महिन्यात काही दिवस उगवत्या सूर्याचे किरण गोपुरातून थेट लिंगावर पडतात.

पुढे पाच-सहा किलोमीटरवर तिरुनागेश्वरम. इथलं नागनाथस्वामीचं देऊळही प्राचीन आहे, नायन्मार संतांनी गायिलेल्या क्षेत्रांपैकी एक. 'पेरियपुराणम' लिहिणाऱ्या सेक्किळारांना हे देऊळ इतकं प्रिय होतं, की चेन्नईजवळच्या आपल्या कुंड्रत्तूर गावी त्यांनी याच नावाचं देऊळ बांधलं. पण आज इथे येणारे बहुतेक लोक नागनाथासाठी येत नाहीत. ते राहूसाठी येतात. प्राकाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात राहूचं स्वतंत्र मंदिर आहे. मनुष्यमुखी राहू, दोन्ही बाजूंना नागवल्ली आणि नागकन्नी. रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा. आम्ही पोचलो तेव्हा अभिषेक चालू होता. राहूच्या मस्तकावरून ओतलेलं दूध अंगावरून खाली येताना निळसर दिसतं, ही या देवळाची ख्याती. गर्दीतून पाहताना मलाही ती निळी झाक दिसली, आणि भोवतालच्या शेकडो माणसांनी एकदम हात जोडले.

इथली गर्दी वेगळी होती. हातात कुंडल्या होत्या. लग्न लांबलेल्या मुली आईवडिलांबरोबर, नोकरी नसलेले तरुण, परदेशातून सुटीवर आलेली जोडपी. नाशिककडची एक मंडळी भेटली. त्र्यंबकेश्वरला कालसर्पाची शांत करून आली होती आणि ज्योतिषाने इकडेही जायला सांगितलं होतं. कावेरीच्या खोऱ्यातल्या नऊ देवळांची नवग्रह यात्रा गेल्या काही दशकांत खूप वाढली आहे आणि तिने या लहान गावांना रोजगार दिला आहे. ते मी कमी लेखत नाही. पण मला सकाळचं वारूळ अधिक जवळचं वाटलं. इथे प्रत्येक जण आपल्या जन्मवेळेचा दोष घेऊन एकेकटा येतो, तिथे माणसं एकमेकांच्या मागे कळशा घेऊन एकाच टाकीत पाणी ओततात. इथला नाग आकाशात गेला आहे, ग्रह झाला आहे. तिथला अजून बांधावर आहे, आणि त्याच्याशी शेतकऱ्याची रोज गाठ पडते.

प्राकारात बसलेल्या एका पुजाऱ्याने मास्तरांना महाशिवरात्रीची यात्रा सांगितली. त्या रात्री नागराजाने चार प्रहरी चार देवळांत पूजा केली: पहिल्या प्रहरी कुंभकोणमचा नागेश्वर, दुसऱ्या प्रहरी तिरुनागेश्वरम, तिसऱ्या प्रहरी तिरुप्पांपुरम आणि चौथ्या प्रहरी समुद्रकाठचं नागूर. अजूनही भाविक एका रात्रीत ही चारही देवळं करतात. नागूर हे नाव बाहेरच्या लोकांना दर्ग्यामुळे माहीत आहे. शाहुल हमीद अवलियांच्या त्या दर्ग्याला पाच मनोरे आहेत. त्यांतला सगळ्यांत उंच, १३१ फुटांचा, पुन्नैनल्लूरला कोदंडराम बांधणाऱ्या प्रतापसिंह राजांनीच बांधला आहे. मुलासाठी बोललेला नवस फळला म्हणून, असं तिथे सांगतात. मास्तरांनी तो लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिला होता. येत्या महाशिवरात्रीला चारही देवळं करून पहाटे नागूरला पोचायचं आणि दर्ग्यात जाऊन यायचं, असं त्यांनी तिथेच ठरवलं, आणि मला विचारलं, "येता का?" मी हो म्हणालो.